तुम्ही विचारलंत म्हणून: वाण्याची मुलगी सामान कुठे भरते?

लग्नकार्यात हा प्रश्न मला चुकत नाही. हात धुवायला नळापाशी गेलं की एखादी आत्या, मामी, नाहीतर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोणी जुनं गिऱ्हाईक गाठतं आणि डोळे बारीक करून विचारतं, "काय गं, पुण्यात सामान कुठं भरतीस? त्या मोठ्या दुकानातच की!" ऑफिसात तोच प्रश्न इस्त्री करून येतो. "तुमच्या घरी किराण्याचं दुकान होतं ना? मग त्या सवलतीच्या मोठ्या दुकानात खरेदी करताना तुम्हाला काही वाटत नाही?"

जाते. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या रविवारी, सकाळी दार उघडायच्या वेळेला, म्हणजे बिलाच्या रांगेत तास जात नाही. आणि येताना रिक्षा सोसायटीच्या मागच्या फाटकाशी थांबवते, कारण पुढच्या फाटकाला लागून आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा गल्ला आहे. आता काही वाटतं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आमचं दुकान साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात होतं. आजोबांनी टाकलेलं, अण्णांनी चालवलेलं. दहा बाय अठराची जागा. पुढे फळी, मागे गोण्या, माळ्यावर तेलाचे रिकामे डबे. शाळा सुटली की मी फळीमागे उभी राहून पुड्या बांधायचे. रद्दीच्या कागदाचा कोन, वर टांगलेल्या रिळाचा दोरा, दोन वेढे आणि एक झटका. पावशेर साखर, छटाक चहापूड, पाच रुपयांचं गोडंतेल. "पाच रुपयांचं तेल" असं मागितलं की माप नाही, पैसे मोजायचे. बाई बाटली घेऊन आलेली असायची आणि बाटलीला तळाशी किती चढलं याकडे तिची नजर लागलेली असायची.

दुकानात वह्या दोन. रोजमेळ आणि उधारीची. उधारीच्या वहीत नावं कमीच, खुणा जास्त. 'पोस्टातले साहेब', 'चक्कीवाली', 'गवंडी दाढीवाला', 'खालच्या आळीची धाकटी'. या वहीत गावाचं सगळं गणित होतं. शाळामास्तर, बँकेतले, पंचायत समितीतले लोक महिन्याची यादी टाकायचे आणि एक ते सात तारखेच्या आत पैसे चुकते करायचे. मजूर आठवड्याच्या बाजारी. शेतकरी मात्र उसाचं बिल निघालं की. कारखान्याचा पहिला हप्ता आला की थोडे, पुढचा आला की थोडे, आणि उरलेले दिवाळीच्या तोंडाला. म्हणजे चैत्रात नेलेल्या गुळाचे पैसे अश्विनात. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आणि जुन्या वहीतली बाकी नवीन वहीच्या पहिल्या पानांवर उतरवायची, हे काम माझ्याकडे होतं. अक्षर बरं म्हणून. पुढे मी सीएच्या ऑफिसात नोकरीला लागले त्याचं मूळ तिथंच.

२०१५च्या दसऱ्याला गावाबाहेर बायपासला सवलतीचं मोठं दुकान उघडलं. नाव सांगत नाही. एका नावाची गोष्ट नाहीच ही. दारात केळीचे खुंट, आत एसी, ढकलगाड्या, आणि साखरेचा भाव अण्णांच्या खरेदीच्या भावाहून किलोमागे एक रुपया कमी. पहिल्या रविवारी अण्णा स्वतः बघायला गेले. परत आले, टोपी खुंटीला लावली, आणि म्हणाले, "पावडर घेतली चार पुडे. एजन्सीवाल्यापेक्षा स्वस्त पडती."

हे पुढे नेमानं होऊ लागलं. कंपनीच्या सेल्समनकडून घ्यायचं त्याऐवजी अण्णा दुकानातल्या पोराला मोटारसायकलवर बायपासला पाठवायचे. तिथून कपड्याची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं आणून आमच्या फळीवर मांडायची. मोठ्या दुकानाला ते कळल्यावर त्यांनी एका बिलावर अमुकच पुडे अशी मर्यादा घातली. मग पोराबरोबर त्याचा भाऊही जाऊ लागला. वितरकांचा, म्हणजे कंपनीचा माल दुकानांना पोचवणाऱ्या एजन्सीवाल्यांचा, याच्यावरचा राग नंतर उघड झाला. २०२२च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या वितरकांनी एका बड्या टूथपेस्ट कंपनीचा काही माल उचलायचं बंद केलं. म्हणणं एवढंच, की बड्या खरेदीदारांना तुम्ही जो भाव देता तो आम्हालाही द्या. अण्णांनी पेपरातली ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली. आवाजात आनंद नव्हता. एवढंच म्हणाले, "आता कळलं त्यांना."

तर स्वस्त कसं पडतं, हा या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न. लोक म्हणतात, मोठ्या प्रमाणात घेतात म्हणून. ते आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. डी-मार्टचं बघा, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळे त्यांचा व्यवहार उघड आहे. (आमच्या गावात आलं ते हे नव्हे.) राधाकिशन दमाणी मूळचे शेअर बाजारातले गुंतवणूकदार. त्यांनी आधी नवी मुंबईत नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली आणि २००२ साली पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं. अपना बाजार म्हणजे नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली उभी राहिलेली ग्राहक सहकारी संस्था. व्यापाऱ्याची दलाली टाळून कामगाराच्या घरी धान्य रास्त भावात जावं म्हणून निघालेली. त्या अंगणात एका भांडवलदारानं धुळाक्षरं गिरवावीत, हे मला फार महाराष्ट्रीय वाटतं. आपल्याकडे सहकारानं नांगरावं आणि पेरणी दुसऱ्यानं करावी, असं बऱ्याचदा झालंय. २०१७च्या मार्चमध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी ६०० रुपयांच्या वर उघडला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी ज्यांना शेअर लागले नव्हते ते लोक घरात मयत झाल्यासारखे बसले होते.

डी-मार्टची रीत अशी: जागा शक्यतो भाड्यानं न घेता विकतच घ्यायची. सजावटीवर, जाहिरातीवर खर्च कमी. हजार तऱ्हा ठेवण्यापेक्षा जे भराभर खपतं तेच ठेवायचं. आणि माल पुरवणाऱ्याचे पैसे इतरांपेक्षा लवकर, थोड्या दिवसांतच चुकते करायचे. हे शेवटचं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पैसे लवकर मिळाले की पुरवठादार भाव उतरवून देतो, तोच उतरलेला भाव फळीवर लागतो, माल लवकर खपतो, पैसा पुन्हा हातात येतो.

आता अण्णांचा पैसा कुठं असायचा? वहीत. आमच्याही दुकानात पैसा फिरत होता, पण तो वर कंपनीकडे लवकर जाण्याऐवजी खाली गिऱ्हाइकाकडे अडकून राहायचा. गवंड्याकडे आठवडा, मास्तरांकडे महिना, ऊसवाल्याकडे आठ महिने. अण्णांच्या साबणवडीवर एक-दोन रुपये जास्त लागायचे, ते त्या अडकलेल्या पैशाचं व्याज होतं. कुठं लिहिलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही, पण होतं. मी हिशेब तपासायच्या धंद्यात पडले तेव्हा कुठे मला हे दिसलं. फळीमागे असताना आम्ही त्याला 'आपला नफा' म्हणायचो.

आणि हे व्याज भरत कोण होतं? उधारीवाले भरत होतेच, पण जे रोख किंवा महिन्याच्या महिन्याला द्यायचे तेही भरत होते. मास्तरांनी सात तारखेच्या आत पैसे दिले तरी त्यांना भाव तोच. म्हणजे वेळेवर देणारं गिऱ्हाईक न कळत लांबच्या उधारीच्या गिऱ्हाइकाला पोसत होतं. बायपासचं दुकान उघडल्यावर पहिले गेले ते हेच: मास्तर, बँकवाले, पोस्टातले साहेब. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. त्यांनी दुसऱ्याचं व्याज जन्मभर का भरावं? पण ते गेल्यावर दुकानात उरली ती नुसती वही. वेळेवर देणारी पन्नास गिऱ्हाइकं गेली की चाळीस उधारीची सांभाळायचं बळ जातं, एवढं साधं आहे. अण्णा गवंड्याला पहिल्यांदा "मागचं दे, मग पुढचं ने" म्हणाले ते २०१७च्या उन्हाळ्यात. गवंडी काही बोलला नाही. पिशवीची घडी घालून गेला.

तो बायपासला गेला नाही, हे लक्षात घ्या. बायपासला जायला गाडी लागते. तिथं पाच रुपयांचं तेल मिळत नाही. एक लिटरची पिशवी घ्यायची तर तेवढी रोकड एका वेळी लागते, पाच किलोची साखर घ्यायची तर घरात मुंग्या लागणार नाहीत असा डबा लागतो. जिथं भाव सर्वांत कमी, तिथं पोचायला खिशात आधीच पैसे, दारात गाडी आणि स्वयंपाकघरात फळी पाहिजे. सवलत तिथं सगळ्यांना असते. घेऊ शकणारे ठरलेले असतात. ज्यांची रोजची मिळकत रोज संपते, त्यांना त्याच तेलाचे लिटरमागे जास्त पैसे पडतात, कारण ते घेतात छटाकानं, आणि आता तर छटाकानं देणारी दुकानंही कमी झालीत. गवंड्याच्या बायकोनं पुढे मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं, शिलाई मशीनसाठी म्हणून. त्यातले अर्धे किराण्यात गेले. हप्ता दर आठवड्याला, व्याज वर्षाला शेकडा वीसच्या वर. आमच्या दोन रुपयांचं व्याज यापुढे स्वस्तच म्हणायचं. हे आईनं मला सांगितलं, तिला चक्कीवालीनं. गावात अशा बातम्या पिठाबरोबर घरोघर जातात.

छापील किमतीचाही यात मोठा हात आहे. १९९०पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. त्याआधी 'स्थानिक कर वेगळे' म्हणून दुकानदार वाट्टेल ते लावायचे, म्हणून हा नियम आला आणि बरंच झालं. पण 'कमाल' हा शब्द कोणी वाचलाच नाही. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही त्या आकड्यालाच भाव समजत राहिले. मग मोठी दुकानं आली आणि त्यांनी त्याच आकड्यावर काट मारून शेजारी आपला आकडा लिहिला. बिलाच्या तळाशी 'आज तुम्ही वाचवलेत' म्हणून वेगळी ओळ. अण्णा म्हणायचे, आपल्या पुडीवर किंमतच छापलेली नाही, बचत दाखवायची कशातून? सुट्या तूरडाळीचा आमचा भाव कित्येकदा तिथल्यापेक्षा कमी असायचा. कुणाच्या लक्षात यायचं नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही आता दुकानाच्या आठवणींनी गळा काढणार. नाही काढत. त्या फळीमागे मी होते, आणि काय काय चालायचं ते मला माहीत आहे. तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे दुकानदार आमच्याच रांगेत होते. अण्णा ते करत नसत, पण जुनी डाळ नव्या डाळीत मिसळून काढायचे. वरचं पोतं आणि खालचं पोतं वेगळं, हे बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक. कुणाला फळीच्या आत घ्यायचं, कुणाला पायरीखाली उभं करून पुडी वरून टाकायची, यात जात होती, आणि आजोबांच्या काळात ती अगदी उघड होती. दुकानात भर गर्दीत "बाई, मागचे साडेचारशे राहिलेत" असं मोठ्यानं म्हणणं ही वसुलीची रीतच होती. त्या बाईचा पदर डोक्यावर घट्ट ओढला जायचा, ते मी फळीमागून बघितलंय. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगते.

आमच्या पुण्याच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी महिन्यातून एकदा दोन मुलींना घेऊन मोठ्या दुकानात जातात. घेतात थोडंच. पण एकदा म्हणाल्या, "ताई, तिथं कुणी विचारत नाही, काय पाहिजे, किती पाहिजे. हातात घेऊन बघायचं, नको तर ठेवायचं." बस्स. आमच्या दुकानात त्यांना वस्तू हातात घेऊन बघता आली नसती. फळीच्या अलीकडे त्या, पलीकडे माल, मध्ये अण्णा.

आणि नोकऱ्या. आमच्या दुकानातला पोरगा सकाळी सातला शटर वर करायचा आणि रात्री साडेनऊला खाली. सुट्टी अमावस्येची. पीएफ वगैरे शब्द त्यानं ऐकले नव्हते. दिवाळीला एक कपडा, लग्नात आहेर, आजारी पडला तर औषधाचे पैसे, हे सगळं अण्णांच्या मर्जीवर. तोच पोरगा २०१८मध्ये बायपासला लागला. गणवेश, आठवड्याची सुट्टी, बँकेत पगार, पीएफ. त्याची बहीण बिलाच्या काउंटरवर. दिवसभर उभं राहावं लागतं, पोटऱ्या दुखतात, नोकरी ठेकेदारामार्फत आहे, कधी जाईल सांगता येत नाही. तरीही घरातली ती पहिली पगारदार बाई. अण्णांनी त्या पोराला जाताना पाचशे रुपये दिले आणि रात्री जेवले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या.

पैशाच्या वाटेचं मात्र वेगळं आहे. आमच्या दुकानाचा नफा गावातच सांडायचा. माल आणणारा टेम्पोवाला गावचा, उतरवणारे हमाल गावचे, गणपतीच्या अहवालात अर्ध्या पानाची जाहिरात आमची, शेंगदाणे खालच्या वाडीचे, गूळ पलीकडच्या गुऱ्हाळाचा. आईनं ओळखीच्या बचत गटाची कांदा-लसूण चटणी आणि उडदाचे पापड गल्ल्याशेजारी बरणीत ठेवले होते. विकतील तसे पैसे द्यायचे. त्या बायकांची सगळी विक्रीव्यवस्था म्हणजे ती बरणी. मोठ्या दुकानात माल दूरच्या गोदामातून येतो, खरेदी ठरवणारा माणूस शहरात बसतो, आणि बारकोड नसलेली चटणी त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ताच नाही. तिथं चटणी मिळते, चांगली मिळते, कुठूनतरी दोनशे-तीनशे किलोमीटरवरून आलेली.

परदेशात हे आपल्या आधी पन्नास वर्षं होऊन गेलंय. सॅम वॉल्टननं पहिलं वॉलमार्ट १९६२ साली अर्कान्सासमधल्या रॉजर्स नावाच्या लहान गावात उघडलं, ते मोठ्या दुकानदारांना ज्या गावांत जायची इच्छा नव्हती तिथंच. एमेक बास्कर या अर्थतज्ज्ञ बाईंचा २००५चा एक अभ्यास आहे. वॉलमार्ट उघडतं त्या वर्षी त्या काउंटीत (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) किरकोळ विक्रीतल्या नोकऱ्या सुमारे शंभरनं वाढतात, आणि पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या उरतात, कारण आसपासची छोटी दुकानं मिटत जातात. म्हणजे शंख करणारे म्हणतात तसं सगळं ओसाड होत नाही आणि फीत कापणारे म्हणतात तेवढं भरभराटीचंही नसतं. मला मात्र आकड्यापेक्षा नॉर्थ कॅरोलिनातलं ओरिएंटल हे गाव लक्षात राहिलं. जेमतेम हजारभर वस्ती. २०१४ साली तिथं वॉलमार्टचं छोटं दुकान आलं, त्याच्यापुढे गावातलं जुनं किराणा दुकान टिकलं नाही, मिटलं. आणि २०१६च्या जानेवारीत वॉलमार्टनं अमेरिकेतली दीडशेवर दुकानं एकदम बंद केली, त्यात हेही गेलं. गावाला दोन्ही उरली नाहीत. आमच्याकडच्या बायपासवरच्या दुकानाला परवडेनासं झालं तर ते एका आठवड्यात शटर ओढू शकतं. अण्णांना सात वर्षं लागली.

वॉलमार्टची आपण वाट बघितली ती वेगळ्याच दारानं. २०१२च्या सप्टेंबरात केंद्रानं किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला वाट मोकळी केली आणि २० तारखेला देशभर बंद झाला. आदल्या दिवशी गणपती बसलेले. व्यापारी संघटनेचे लोक दुपारी आले, "अण्णा, शटर ओढा, नाहीतर वॉलमार्ट येईल." अण्णांनी अर्धं शटर ओढलं आणि खालच्या अर्ध्यातून दिवसभर खोबरं, गूळ, कापूर विकला. गणपतीत दुकान बंद ठेवणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. ते वॉलमार्ट किरकोळ दुकान घेऊन आलंच नाही. २०१८ साली फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेऊन ते मोबाईलमधून आलं. बायपासला आलं ते अगदी देशी होतं. घोषणा ज्याच्या नावानं दिल्या तो वेशीबाहेरच राहिला.

मी स्वतः खरंच किती वाचवते, हे मी एका वर्षी मोजून पाहिलं. सगळी बिलं जपून ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या भावाशी ताडून बघितली. यादीतल्या वस्तूंवर महिन्याला साडेतीनशे ते चारशे रुपये वाचत होते, बहुतेक सगळे साबण, पावडर, तेल यांत. आणि यादीबाहेरची खरेदी एकाही महिन्यात सातशेच्या खाली गेली नाही. झाकणाचे डबे. मुलाचे मोजे. एकावर एक मोफत असलेला सॉस, जो आमच्या घरात कोणी खात नाही. यादी स्वयंपाकघरात होते. ढकलगाडी फळ्यांमधून फिरताना भरते. आईच्या काळी यादी लिहायची आणि पोराच्या हाती पाठवून द्यायची. तिला बिचारीला मोह व्हायला वस्तू समोर तर पाहिजे!

त्या वर्षापासून मी वाटणी केली आहे. साबण, पावडर, तेल, टूथपेस्ट मोठ्या दुकानातून. डाळ, पोहे, गूळ, शेंगदाणे, रवा कोपऱ्यावरून, रोख पैसे देऊन. हे काही तत्त्व नाही. डाळ त्याची खरंच बरी असते, आणि रात्री साडेनऊला जिरं संपलं तर दार वाजवता येतं. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा त्यानं सोसायटीतल्या शंभरेक घरांच्या याद्या व्हॉट्सॲपवर घेतल्या आणि माल दारात आणून ठेवला. गावाकडे अण्णांकडेही तेच. पोस्टातले साहेब पाच वर्षांनी दुकानात आले, यादी घेऊन. अण्णांनी सामान बांधलं, तीन महिने बांधलं. रस्ते मोकळे झाल्यावर साहेब पुन्हा दिसले नाहीत. त्यावर अण्णा काही बोलले नाहीत आणि मीही काढलं नाही. २०२२च्या दिवाळीत त्यांनी नवी वही आणली नाही. दुकानाच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं विकतात.

सध्या तर पुण्यात मोठ्या दुकानांनाही काही मिनिटांत सामान आणणारी पोरं जड जाऊ लागलीत. २०२४च्या ऑक्टोबरात खुद्द डी-मार्टनं मोठ्या शहरांतल्या आपल्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम होत असल्याचं सांगितलं आणि शेअर एका दिवसात आठ टक्क्यांच्या आसपास पडला. ही बातमी मीच अण्णांना वाचून दाखवली. "अस्सं," म्हणाले. एवढंच.

मागच्या पावसाळ्यात ते पुण्याला आले होते. म्हणाले, तुझ्या त्या दुकानात ने. गेलो. ढकलगाडी त्यांनीच ढकलली. प्रत्येक फळीपाशी थांबून छापील किंमत बघायची, तिथला भाव बघायचा, ओठांत काहीतरी पुटपुटायचं. तांदळाच्या पाकिटाला चिमटीत धरून आतला दाणा उजेडाकडे नेऊन पाहिला. एका पोराला विचारलं, "परत किती येतो रे माल?" त्याला प्रश्न कळला नाही. बिल झालं, पैसे दिले, बाहेर बाकावर बसलो. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि हातभर लांब बिल पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, मशीन चुकत नाही." त्यांनी मान वर केली नाही. सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. पोह्याचं एक पाकीट दोनदा लागलं होतं.

परत आत गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, त्या टोकाच्या टेबलाशी जा. तिथला म्हणाला, साहेब जेवायला गेलेत. मी म्हटलं, जाऊ द्या, अठ्ठेचाळीस रुपये तर आहेत. अण्णा टेबलाशी उभे राहिले. वीस मिनिटं. साहेब आले, बिल पाहिलं, पाकिटं मोजली, अठ्ठेचाळीस रुपये दिले. अण्णांनी नोटा आणि नाणी कपाळाला लावली, खिशात घातली आणि मला म्हणाले, "चला. भवानी झाली."